तार सुटलेला ड्रम

एसजी आयर्नचं, म्हणजे मॅग्नेशियम घालून ओतलेल्या बिडाचं कास्टिंग थंड होऊन फेटलिंगला, म्हणजे साफसफाईला आलं की आमच्याकडं पहिल्यांदा त्याच्यावर हातोडी पडते. लॅबचा रिपोर्ट, मायक्रोस्कोपखालचा तुकडा, ते सगळं मागाहून. आधी कान. कास्टिंग साखळीला टांगायचं आणि हलकेच एक ठोका द्यायचा. घंटेसारखा लांबत जाणारा 'टण्ण' आला तर आतलं ग्राफाइट गोल गोल गोळ्यांनी बसलंय, माल चोख. नुसता 'ठप्प' आला तर मॅग्नेशियमचं कुठंतरी बिनसलंय, ग्राफाइट पापुद्र्यासारखं पसरलंय, आणि तो अख्खा लॉट बाजूला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या या शेडमध्ये नोकरीला लागलो तेव्हा एका म्हाताऱ्या फोरमननं मला हे एका वाक्यात शिकवलं होतं : "वाजलं तर आपलं, मुकं राहिलं तर भट्टीचं."

घरी नेमकं उलटं. वडील भजनात मृदंग वाजवतात. चाळीस वर्षं झाली. त्यांच्या लेखी डाव्या बाजूनं मोकाट घुमणारा मृदंग म्हणजे दावं तुटलेलं वासरू. म्हणून भजनाला बसण्याआधी कणीक. मुठीएवढी कणीक मळायची, चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट, तिचा गोळा धुमाच्या, म्हणजे डाव्या तोंडाच्या, मधोमध दाबून बसवायचा, कडा अंगठ्यानं पातळ करत न्यायच्या, आणि तळव्यानं एक थाप मारून ऐकायचं. आवाज खाली बसला नसेल तर आणखी चिमूटभर. लहानपणी मी ती कणीक चोरून चिमण्या करायचो आणि मार खायचो.

एका कानाला घुमणारं चालतं, दुसऱ्याला चालत नाही. या दोन कानांच्या मधोमध गेली वीसेक वर्षं एक तिसराच आवाज अडकून बसलाय, सॅन फ्रान्सिस्कोकडच्या एका ड्रमचा.

२००३ चा जून. बेळगावचा पाऊस, म्हणजे छत्री नुसती नावाला. इंजिनिअरिंगची शेवटची दोन वर्षं राहिली होती आणि आम्हा चौघांचा एक बँड होता. गिटार माझ्याकडं. ड्रमरचे वडील लष्करी बँडमधून रिटायर झालेले, घरात कानडी. बेसवाला कॅम्पातला, घरात कोकणी. गाणारा माझ्यासारखाच खेड्यातनं येणारा, मराठी. आमची चर्चा मराठीत, भांडण हिंदीत आणि शिव्या कानडीत चालायच्या, कारण शिवीला कानडीत वजन आहे हे चौघांनाही मान्य होतं. तर त्या जूनमध्ये बंगळुरूहून रातराणीच्या ड्रायव्हरच्या हातानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सीडी आली. वर मार्करनं लिहिलेलं, 'सेंट अँगर'. मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा आठवा स्टुडिओ अल्बम. गाणी फुटतील या भीतीनं कंपनीनं १० जूनची तारीख ओढून ५ जूनला आणला होता, आणि तरी तो आमच्याकडं कॉपी होऊनच आला. याच बँडनं २००० साली नॅपस्टरवर, म्हणजे इंटरनेटवरनं फुकट गाणी उतरवू देणाऱ्या कंपनीवर खटला भरला होता. ड्रमर लार्स उल्रिक फुकट गाणी उतरवणाऱ्या तीन लाखांवर लोकांची यादी खोक्यांत भरून त्यांच्या दारात घेऊन गेला होता. त्या खोक्यांत आमची नावं नव्हती. प्रामाणिक होतो म्हणून नव्हे. आमच्यातल्या कुणाकडंही तेव्हा कॉम्प्युटर नव्हता.

सीडी माझ्या घरी लावली. येळ्ळूरच्या बाजूला आमचं घर, खिडकीतनं राजहंसगड दिसतो, त्या दिवशी ढगात होता. पहिल्या मिनिटातच आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. स्पीकर फाटला की काय? बेसवाल्यानं वायर हलवून बघितली. आवाज तोच. प्रत्येक ठोक्याला कुणीतरी रॉकेलच्या रिकाम्या पिपावर पळी मारतंय असं, टँग, टँग, टँग.

वडील पडवीत बसून पाटीला नवी दोरी घालत होते. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाले, "खाली तार सुटल्या बघ ह्याची."

"कुणाची?"

"त्या वाजवणाऱ्याची. लग्नाच्या बँडात नसतो काय तो गळ्यात अडकवायचा ड्रम? त्याला खालनं तार असत्या. ती सुटल्यावर असंच वाजतंय डबड्यावानी. कुणीतरी सांगा की त्याला."

त्यांनी न बघता, एका मिनिटात, नेमकं निदान केलं होतं. स्नेअर ड्रमच्या खालच्या पातळ कातडीला चिकटून स्प्रिंगसारख्या तारांचा एक पट्टा असतो. बाजूला खटका. खटका लावला की तारा कातडीला टेकतात आणि वर काठी पडली की तो आपल्या ओळखीचा 'छर्र' येतो, कोरडा आणि लगेच संपणारा. खटका सोडला की तारा लोंबतात, आणि मग नुसतं पिंप आणि दोन कातडी मनाला येईल तितकं घुमत राहतात. लार्सनंच नंतर सांगितलं की एक दिवस तो खटका लावायला विसरला, रेकॉर्डिंग परत ऐकलं आणि तोच आवाज त्याला आवडला. मग पाऊण तासाचा नव्हे, सव्वा तासाचा अख्खा अल्बम तसाच. अकरा गाणी.

आमचा ड्रमर ते ऐकून कानडीत काहीतरी म्हणाला, ते इथं लिहीत नाही.

मला मात्र ड्रमपेक्षा वेगळंच झोंबलं होतं. अल्बममध्ये गिटारचा एकही सोलो, म्हणजे गिटारनं एकट्यानं पुढं येऊन वाजवायचा तुकडा, नव्हता. कर्क हॅमेट या माणसाचे सोलो वाजवता यावेत म्हणून मी दोन वर्षं बोटांची सालं काढली होती, आणि त्याच कर्कला त्याच्याच बँडनं हात बांधून बसवलं होतं. सोलो नकोत हा तेव्हाचा जमाना, जुनाट वाटायला नको म्हणून. पुढं त्या अल्बमवरची फिल्म बघितली तेव्हा कळलं की कर्कनं तेव्हाच तोंड उघडलं होतं : सोलो काढून टाकलेत म्हणूनच हे एका काळाचं होऊन बसेल. त्या सगळ्यांत हळू बोलणारा माणूस, आणि सगळ्यात बरोबर तोच होता. त्याचं कुणी ऐकलं नाही.

ती फिल्म, 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर', २००४ ची. ती बघितल्याशिवाय हा अल्बम कळत नाही आणि बघितल्यावर तो नीट नावडतही नाही, अशी माझी अडचण आहे. जानेवारी २००१ मध्ये बेसवाला जेसन न्यूस्टेड चौदा वर्षांनी बँड सोडून गेला. कारण ऐकलं तर हसू येईल : त्याला बाजूला आपला दुसरा एक बँड चालवायचा होता आणि गाणाऱ्या जेम्स हेटफिल्डला ते खपेना. राहिलेले तिघं आणि प्रोड्युसर बॉब रॉक सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रेसिडिओ या जुन्या लष्करी छावणीच्या ओसाड बराकीत यंत्रं नेऊन बसले. सुखसोयीच्या स्टुडिओत बसलं की गाणी गुळगुळीत होतात, जरा गैरसोय असू दे म्हणून. बेस बॉब रॉकच वाजवू लागला. जुलैमध्ये हेटफिल्ड दारू सोडवायला निघून गेला आणि सगळं थांबलं. पुढच्या वर्षी परत आला तो अटी घेऊन : मी दुपारी बारा ते चार एवढंच काम करणार, आणि मी गेल्यावर माघारी तुम्ही या गाण्यांना हात लावायचा नाही, ऐकायचीही नाहीत. लार्सचा पारा चढला. फिल्ममध्ये तो खोलीत येरझाऱ्या घालतो आणि शेवटी हेटफिल्डच्या तोंडाशी तोंड नेऊन एकच इंग्रजी शिवी ओरडतो. अब्जाधीश होण्याच्या वाटेवरची माणसं, आणि भांडण मात्र बांधावरचं.

बोलायला मधे माणूस लागायचा. फिल टाउल नावाचा समुपदेशक, महिन्याला चाळीस हजार डॉलर. तेव्हाच्या हिशेबानं अठरा-एकोणीस लाख रुपये झाले. तो कोचावर बसून तुला काय वाटलं, तुला काय वाटलं असं प्रत्येकाला विचारायचा. हळूहळू त्याला आपणच बँडमध्ये आहोत असं वाटायला लागलं आणि गाण्यांच्या शब्दांबद्दलही सुचवायला लागला, तेव्हा कुठं तिघांचं पहिल्यांदा एकमत झालं : ह्याला आता घालवा.

मी हे बघताना वडिलांच्या मंडळाचा विचार करत होतो. तिथंही असंच झालं होतं, माझ्या दहावीच्या सुमारास. चाल धरणारे जे काका होते, गावात त्यांच्याइतका वरचा सूर कुणाचा लागायचा नाही, ते शेजारच्या गावच्या मंडळातनं भजनाच्या स्पर्धेला गेले. न विचारता. बक्षीसही आणलं. माळकरी माणसं, एकमेकांच्या पाया पडणारी, पण दोन वर्षं ओसरीवर एकत्र बसली नाहीत. एकादशी यायची, वडील मृदंगावरचं फडकं काढायचे, वाद्या चाचपायचे आणि परत झाकून ठेवायचे. मग एका आषाढीला ते काका आले, टाळ घेऊन बसले, वडिलांनी ठेका धरला. बोलणं काहीही झालं नाही. चहा झाला. आता यात कुणाचा मार्ग बरा, मला ठरवता येत नाही. टाउलच्या कोचावर निदान घाण बाहेर तरी आली. आमच्याकडं ती आत राहिली. आजही त्या काकांचं नाव निघालं की वडील जिभेनं 'च्' करतात आणि विषय बदलतात. पण मंडळ चालू आहे. एका पैशाचा खर्च आला नाही.

तर अशा माणसांनी केलेला तो अल्बम. गाणी एकत्र बसून रचलेली नव्हती. तासन् तास वाजवत सुटायचं, मग कॉम्प्युटरवर त्यातले तुकडे कापून जोडायचे. हे कळल्यावर मला त्या गाण्यांचा लांबलचकपणा समजला. सात-सात, आठ-आठ मिनिटं तोच गिटारचा तुकडा फिरून येतो. आमच्याकडं रिजेक्शन वाचवायला कास्टिंगला वेल्डिंग मारून, ग्राइंडर फिरवून देतात. वरून रंग दिला की दिसत नाही, पण बोट फिरवलं की जोड लागतो. 'सेंट अँगर'मध्ये असे जोड जागोजागी लागतात. अकरातली चार गाणी सरळ काढून टाकली असती तर काही बिघडलं नसतं. तीन तर मला अजूनही एका बैठकीत ऐकवत नाहीत.

लोकांनी काय केलं? विकत घेतला, आणि मग शिव्या घातल्या. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात चार लाखांवर प्रती खपून तो यादीत पहिला आला. पुढच्या वर्षी त्याच्या शीर्षकगीताला ग्रॅमी मिळालं. काही मोठ्या मासिकांनी कौतुक केलं, आणि एका संगीताच्या वेबसाइटनं दहापैकी ०.८ गुण दिले. शून्य दिलं असतं तर राग म्हणता आला असता, ०.८ म्हणजे मास्तरनं बसून पेपर तपासलाय. चाहत्यांचा सगळा राग त्या एका ड्रमवर एकवटला. २०१५ मध्ये तर काही चाहत्यांनी अख्खा अल्बम नव्यानं वाजवला, तारा ताणून, गाणी आखडती घेऊन, आणि इंटरनेटवर टाकला. मी तो मन लावून ऐकला. स्नेअर नीट, आवाज नीट, लांबी नीट. आणि कास्टिंग मुकं. 'ठप्प.' मला वाटतं त्या चिडलेल्या, एकमेकांशी धड न बोलणाऱ्या तीन माणसांच्या हातात तेव्हा खटका लावलेला ड्रम आला असता, तर ते एक साधारण गाण्यांचं साधारण रेकॉर्ड झालं असतं आणि आज कुणाला आठवलंही नसतं. हे मत मी बँडमधल्या तिघांना तीनदा सांगून पाहिलंय. तिघांनाही पटलेलं नाही.

आमच्या ड्रमरला तर कधीच पटणार नाही, त्याला कारण आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही त्यातलं एक गाणं घेतलं. माझाच हट्ट. 'खटका सोडून वाजव, जसं आहे तसं,' म्हणून मी मागं लागलो. त्यानं सोडला. पहिल्या आठ ठोक्यांतच साउंडवाला लुंगी सावरत स्टेजवर धावत आला. त्याला वाटलं भाड्यानं आणलेला ड्रम फुटला आणि आता मालक त्याच्या पगारातनं कापणार. त्यानं चालू गाण्यात खाली वाकून खटका लावला. 'छर्र' सुरू झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ड्रमरचे वडील पहिल्या रांगेत ताठ बसलेले होते. नंतर त्यांनी साउंडवाल्याशी हात मिळवला, आमच्याशी नाही.

फिल्ममध्ये एक जागा आहे. लार्सचे वडील टॉरबेन उल्रिक त्याच्या शेजारी बसून एक नवा तुकडा ऐकतात. टॉरबेन एके काळी डेन्मार्कचे नामांकित टेनिसपटू, जॅझचे जाणकार, छातीपर्यंत पांढरी दाढी. लार्स विचारतो, काय वाटतं? म्हातारा थोडा थांबतो आणि शांतपणे म्हणतो, मला विचारशील तर पुसून टाक. लार्स कसनुसा होतो. चाळीशीला टेकलेला, जगभर मैदानं भरवणारा माणूस, आणि चेहरा प्रगतिपुस्तक दाखवणाऱ्या पोराचा.

हे मी पहिल्यांदा बघत होतो तेव्हा वडील पाणी प्यायला आत आले. पडद्याकडं बघून म्हणाले, "हे कुठलं महाराज?"

"महाराज नव्हेत. त्या ड्रमवाल्याचे वडील."

"काय म्हणूलाईत?"

"पुसून टाक म्हणतात."

वडिलांनी तांब्या उपडा ठेवला. "मग बाप हाय न्हवं," म्हणाले आणि बाहेर गेले. मी फिल्म तिथंच थांबवून जरा वेळ बसलो. २००३ च्या त्या पावसातल्या दुपारी त्यांनी मला 'बंद कर' म्हटलं नव्हतं, 'बेकार आहे' म्हटलं नव्हतं, हे तेव्हा ध्यानात आलं. तार सुटल्या, कुणीतरी सांगा की त्याला, एवढंच. अनोळखी वाजवणाऱ्याची काळजी.

एकदा एका मित्राला पटवायला मी कुमार गंधर्वांचं उदाहरण दिलं. ते आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे. क्षयानं फुफ्फुस गेलं, काही वर्षं गाणं बंद, आणि परत आले ते लहान लहान श्वासांची नवीच गायकी घेऊन, जिच्यावर जुन्या लोकांनी नाकं मुरडली. मित्रानं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यांचं फुफ्फुस गेलं होतं. ह्याचा खटका राहिला होता." यावर मला आजपर्यंत उत्तर सुचलेलं नाही.

बँडला प्रत्यक्ष बघितलं ते २०११ मध्ये. दिल्लीकडचा, गुडगावचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला, लोकांनी मोडतोड केली, आणि ३० ऑक्टोबरला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर मात्र झाला. आमच्यातला ड्रमर तोवर तिथंच नोकरीला होता. चिखल, पाऊस, अंगाला अंग. 'सेंट अँगर'मधलं काहीतरी एक वाजवतील म्हणून मी शेवटपर्यंत कान लावून उभा होतो. नाही वाजवलं. स्नेअर मात्र ठणठणीत 'छर्र' वाजत होता, खटका लावलेला. आमच्या ड्रमरनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या.

एक दिवस त्याच्याकडं राहून मी रातराणीनं निघालो आणि सकाळी बेळगावात उतरलो. तारीख एक नोव्हेंबर. इकडच्या माणसाला पुढचं सांगायला नको. एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसरीकडं बेळगाव महाराष्ट्रात नाही म्हणून आपल्या मराठी माणसांचा काळा दिन, आणि मी दोन दिवसांचा पारोसा, डोळे लाल, अंगात बँडचा काळाकुट्ट टीशर्ट. स्टँडवरच्या पोलिसानं दोनदा वरखाली बघितलं. पुढं चौकात काळे कपडे घालून फेरीला निघालेले ओळखीचे एक काका भेटले, त्यांनी पाठीवर थाप मारली : "व्वा! तरणी पोरं यायला पायजेत!" छातीवरची इंग्रजी अक्षरं त्यांनी वाचली नाहीत. मी तसाच त्यांच्याबरोबर तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत चालत गेलो. रिक्षा तरी कुठं मिळणार होती.

टॉरबेन उल्रिक डिसेंबर २०२३ मध्ये गेले, पंचाण्णव वर्षांचे होऊन. बातमी मोबाइलवर बघितली तेव्हा मी ओसरीवर होतो, वडील मृदंग उन्हात ठेवत होते. सांगितलं. त्यांना नाव लागलं नाही. दाढी म्हटल्यावर लागलं.

"ते महाराज? पोरगं अजून वाजवतंय काय?"

"वाजवतंय की. साठीला आलं."

"तार?"

"लावली आता."

ते 'बरं' म्हणाले. त्यांच्या उजव्या मनगटात आता कळ येते, आणि कणीक मळायचं काम माझ्याकडं आलंय. त्या रात्री एकादशीचं भजन होतं. मी मळून दिली, त्यांनी धुमावर गोळा बसवला, थाप मारली, मान तिरकी करून ऐकलं. मग सगळा गोळा नखानं खरवडून काढला आणि परातीत टाकला.

"पाणी ज्यास्त झालंय. परत मळ."

आत टाळ सुरू झाले होते. मी मूठभर पीठ आणखी घेतलं.